आपलं काम, आपल्या पत्त्यावर: मुखपृष्ठकाराने पोर्टफोलिओ कसा मांडावा



आज आपण पोर्टफोलिओबद्दल बोलणार आहोत, म्हणजे स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःचं काम कसं मांडायचं याबद्दल. हा विषय तसा छायाचित्रकारांपासून वास्तुविशारदांपर्यंत सगळ्यांचाच आहे. पण सगळ्यांबद्दल एकदम बोलायला गेलं की कुणाबद्दलच नीट बोलणं होत नाही. म्हणून आम्ही एकच धंदा निवडला आहे: मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं करणारी, आतली चित्रं काढणारी, शीर्षकाची अक्षरं रेखणारी मंडळी. आम्ही पुस्तकांच्या मांडणीचं काम करतो. नवं पुस्तक हातात आलं की चित्रकार शोधावा लागतो, आणि तेव्हा आम्ही पोर्टफोलिओ बघणाऱ्याच्या खुर्चीत बसलेले असतो. त्या खुर्चीतून काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते आज सांगायचं आहे. बाकीच्यांनी ते आपापल्या कामाला लावून बघावं.

स्टॉलवरून स्क्रीनवर

दीनानाथ दलाल हे नाव तुम्हाला माहीत आहेच. १९१६ साली जन्म, १९७१ साली निधन. १९४५ पासून त्यांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक चालवला आणि मराठी पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठं केली. त्यांना पोर्टफोलिओ करायची गरज कुठे होती? पुस्तकाचं दुकान आणि अंकांचा स्टॉल हाच त्यांचा पोर्टफोलिओ होता. मुखपृष्ठ पूर्ण आकारात समोर टांगलेलं असायचं. चित्रावर चित्रकाराची सही असायची. प्रकाशक, लेखक, वाचक सगळे त्याच स्टॉलवरून जायचे. काम आणि काम करणाऱ्याचं नाव एकाच ठिकाणी, एकाच नजरेत दिसत होतं.

आता काय होतं? पुस्तक ऑनलाइन दुकानात दिसतं, अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रात. त्या आकारात सही वाचता येत नाही. खाली लेखकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, पानं, किंमत, वजनसुद्धा असतं. मुखपृष्ठकाराचं नाव बहुतेक वेळा नसतं. ते असतं श्रेयपानावर, आणि श्रेयपान बघायचं तर पुस्तक हातात यावं लागतं. म्हणजे काम पूर्वीपेक्षा जास्त लोकांपर्यंत जातं, पण नाव वाटेत गळून पडतं.

यात कुणाची पोटं अडकली आहेत, ते लक्षात घ्या. एखादी बाई पंधरा वर्षं एका स्टुडिओत बसून मुखपृष्ठं करते. स्टुडिओ बंद होतो. तिने केलेली पुस्तकं दुकानात आहेत, घराघरांत आहेत, पण “हे मी केलं” असं सांगणारी एकही जागा तिच्याकडे नाही. चाळिशीत तिला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. पोर्टफोलिओ म्हणजे मिरवण्याची वस्तू, असं समजून संकोचाने लांब राहणारी पुष्कळ गुणी माणसं आहेत. त्यांनी याकडे रोजगाराचा दाखला म्हणून बघावं.

भाड्याची जागा आणि स्वतःची जागा

“आमचं सगळं इन्स्टाग्रामवर आहे की!” हे आम्ही फार वेळा ऐकतो. तिथे जरूर असावं. माणसं तिथे आहेत, तेव्हा आपणही असावं. पण ती जागा भाड्याची आहे, आणि भाडेकरार आपल्या हातात नाही.

इतिहास बघा. जिओसिटीज ही फुकट वैयक्तिक वेबसाइट देणारी सेवा १९९४ साली सुरू झाली आणि २००९ मध्ये बंद झाली. तिच्यावरची लाखो लोकांची पानं बंद पडली. जी वाचली, ती इंटरनेट आर्काइव्हसारख्यांनी घाईघाईने प्रती करून ठेवल्या म्हणून. मायस्पेसवर तर कलाकारांनी आपली गाणी ठेवली होती. २००३ ते २०१५ या काळात चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना गेलं, हे २०१९ मध्ये उघड झालं. आकडा सांगितला गेला तो पाच कोटींहून जास्त गाण्यांचा. ज्यांच्याकडे मूळ प्रत नव्हती, त्यांचं काम गेलं ते गेलंच.

फक्त जागाच नाही, तंत्रही जुनं होतं. २००० नंतरच्या दशकात चित्रकार आणि डिझायनर मंडळींना फ्लॅशचं वेड होतं. पान उघडलं की अक्षरं उडत यायची, संगीत वाजायचं. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने त्याचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये मजकूर चालणंही बंद झालं. त्या काळातले कितीतरी देखणे पोर्टफोलिओ आज उघडत नाहीत. उलट साधा मजकूर आणि साधी चित्रं असलेलं १९९० च्या दशकातलं एचटीएमएल पान आजच्या मोबाइलवरही उघडतं. यातून एक व्यवहारी नियम निघतो: पोर्टफोलिओ जितका साधा बांधाल तितका तो जास्त वर्षं टिकेल.

म्हणून रचना अशी ठेवा. मूळ काम आणि त्याची पूर्ण माहिती स्वतःच्या पत्त्यावर. बाकी सगळीकडे, म्हणजे इन्स्टाग्राम, बिहान्स, फेसबुकवर, त्याची झलक आणि मूळ पत्त्याकडे येणारी वाट.

बघणारा काय शोधत असतो?

इथे थोडं मागे, इटलीत जाऊ. साधारण १४८२ च्या सुमाराला लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झा या सत्ताधीशासाठी कामाच्या मागणीचं पत्र तयार केलं. त्या पत्रात तो मुद्दे टाकून सांगतो की मला हलके, पटकन हलवता येणारे पूल बांधता येतात, वेढा पडलेल्या किल्ल्याभोवतीचं पाणी काढता येतं, तोफा करता येतात. चित्र आणि शिल्प येतं, हे सगळ्यात शेवटी. लिओनार्दो! त्याला आपली चित्रकला कमी वाटत होती का? नाही. समोरच्याला लढाया करायच्या होत्या, म्हणून त्याच्या गरजेची गोष्ट आधी. आणि शेवटी तो म्हणतो की यातलं काही अशक्य वाटत असेल तर प्रत्यक्ष करून दाखवायची माझी तयारी आहे.

आता आपल्याकडचा संपादक घ्या. त्याच्या टेबलावर पुस्तक आहे, छपाईची तारीख ठरलेली आहे. तो तुमच्या वेबसाइटवर येतो तेव्हा कलेचा आस्वाद घ्यायला आलेला नसतो. त्याला तीन प्रश्न पडलेले असतात. एक, मला हवं तसलं काम या माणसाला जमतं का? दोन, इथे जे दिसतंय त्यातलं या माणसाने नेमकं काय केलं? तीन, बंधनं पडल्यावर हा माणूस कसं काम करतो: कमी पैसे, दोनच रंग, बदललेलं शीर्षक, अडून बसलेला लेखक?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चित्रं देतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं उत्तर चित्रं देऊ शकत नाहीत. ते लिहावंच लागतं. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक पोर्टफोलिओंमध्ये हीच जागा रिकामी असते. तीस सुंदर चित्रं एकापाठोपाठ एक, आणि खाली एक शब्द नाही.

सध्या ही रिकामी जागा आणखी महाग पडते. आज कुणीही चार शब्द टाइप करून यंत्राकडून चकचकीत चित्र काढून घेऊ शकतो. त्यामुळे नुसतं तयार चित्र हा कौशल्याचा पुरावा म्हणून पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. कच्ची रेखाटनं, बाद केलेले पर्याय, आणि ते का बाद केले याची कारणं यांना आता जास्त वजन आलं आहे.

निवड: किती आणि कोणती

आमचं मत विचाराल तर दहा-बारा कामं पुरेत. तीस कामं ठेवली की बघणारा तुमची सरासरी काढतो, आणि सरासरी नेहमी तुमच्या उत्तम कामापेक्षा खालीच असते.

निवडताना “मला कोणतं आवडतं” एवढंच विचारू नका. “मला पुढे कोणतं काम मिळायला हवं” हे विचारा. पोर्टफोलिओत जे दिसतं तेच काम पुन्हा मागितलं जातं. लग्नपत्रिका करून कंटाळला असाल आणि वेबसाइटवर आठ लग्नपत्रिका असतील, तर नववी येणारच. मुलांच्या पुस्तकांची चित्रं करायची असतील तर ती वर ठेवा, संख्येने कमी असली तरी चालतील.

सगळ्यात भक्कम काम पहिलं. दुसरं भक्कम काम शेवटी, कारण कित्येक जण सरळ खाली जाऊन बघतात. मध्ये वैविध्य ठेवा: एक कवितासंग्रह, एक वैचारिक पुस्तक, एक पाठ्यपुस्तकासारखं कोरडं काम. कोरड्या कामाची लाज वाटू देऊ नका. तक्ते आणि आकृत्या नीट लावणारा माणूस मिळणं फार अवघड असतं, आणि प्रकाशकाला ते चांगलं माहीत असतं.

एका कामाचं पान

प्रत्येक कामाला स्वतंत्र पान द्या. त्यावर काय लिहायचं, ते एक उदाहरण रचून दाखवतो. समजा, दुष्काळी तालुक्यातल्या विहिरींवरचं एक रिपोर्ताज आहे आणि तुम्ही त्याचं मुखपृष्ठ केलं आहे. सहसा खाली असं लिहिलेलं आढळतं: “आशयाला न्याय देणारं, कल्पक आणि वेगळ्या धाटणीचं मुखपृष्ठ.” हे वाक्य कुठल्याही पुस्तकाखाली चालेल. म्हणून ते या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही.

आता हे बघा:

“प्रकाशकांना भेगाळलेल्या जमिनीचा फोटो हवा होता. दुष्काळावरच्या बऱ्याच पुस्तकांवर तो आधीच आहे, म्हणून मी हस्तलिखित वाचून तीन पर्याय दिले. तिसऱ्या प्रकरणात विहिरीच्या काठच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचांचं वर्णन आहे. त्या खाचा हेच चित्र ठरलं. छपाई दोन रंगांत होती, त्यामुळे दगड काळ्याच्या छटांमध्ये आणि फक्त दोर गेरूच्या रंगात ठेवला. शीर्षक छपाईच्या आठवडाभर आधी बदललं आणि लांब झालं, म्हणून अक्षरं पुन्हा रेखून दोन ओळींत बसवली. रेखाटन आणि अक्षरलेखन माझं. पाठीमागची मांडणी प्रकाशनाच्या कार्यालयाची.”

सत्तर-ऐंशी शब्द आहेत. पण यातून संपादकाला काय काय कळलं? हा माणूस हस्तलिखित वाचतो. नाही म्हणताना पर्याय देतो. दोन रंगांत विचार करू शकतो. शीर्षक ऐनवेळी बदललं तरी काम पूर्ण करतो. आणि दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला देतो. या पाच गोष्टी चित्राकडे तासभर टक लावून बसलं तरी कळल्या नसत्या.

या मजकुरासोबत तीन चित्रं पुरतात: एक कच्चं रेखाटन, एक बाद झालेला पर्याय, आणि छापून आलेल्या पुस्तकाचा फोटो. फोटो खऱ्या पुस्तकाचा असावा, कणा आणि कागद दिसेल असा, खिडकीच्या उजेडात काढलेला. तयार साच्यात बसवलेलं खोटं पुस्तक ओळखू येतं. बाद पर्याय दाखवण्याआधी प्रकाशकाला विचारा, ती साधी रीत आहे.

आणि हे सगळं जमेल तितक्या लवकर लिहून ठेवा. काम संपल्याच्या आठवड्यात कारणं लक्षात असतात. दोन वर्षांनी फक्त चित्र उरतं.

माझं किती, दुसऱ्याचं किती

पुस्तक हे अनेकांच्या हातचं काम आहे. संकल्पना एकाची, रेखाटन दुसऱ्याचं, अक्षरलेखन तिसऱ्याचं, मांडणी चौथ्याची, छपाईवरची देखरेख पाचव्याची. तुमच्या वाट्याला यातलं जे आलं, त्याचं नाव स्पष्ट लिहा. “मुखपृष्ठ: मी” असं मोघम लिहिलं की दोन धोके असतात. खरोखर सगळं तुम्ही केलं असेल तर ते कळत नाही. आणि तुम्ही फक्त रंग भरले असतील तर ज्याने रेखाटन केलं त्याच्यावर अन्याय होतो. मराठी प्रकाशनाचं जग छोटं आहे. रेखाटन कुणाचं होतं हे ठाऊक असलेला माणूस कधीतरी तुमचं पान उघडणारच.

ज्युनिअर म्हणून केलेलं काम लहान वाटतं म्हणून मोठं करून सांगायचा मोह होतो. त्याची गरज नाही. “या मालिकेच्या सहा पुस्तकांमधली सगळी शीर्षकं मी रेखली” हे वाक्य पुरेसं मोठं आहे.

हे काम दाखवायचा हक्क कुणाचा?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण गैरसमज फार आहेत. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ते करणारा असतो. पण अपवाद आहेत. तुम्ही पगारी नोकरीत असाल आणि ते काम नोकरीचा भाग म्हणून केलं असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी नोकरी देणाऱ्याची. पेंटिंग किंवा छायाचित्र कुणी पैसे देऊन करून घेतलं असेल, तर तिथेही वेगळा करार नसल्यास पहिली मालकी करून घेणाऱ्याची. म्हणजे “मी काढलं, म्हणून माझंच” हे दर वेळी खरं नसतं.

दुसऱ्या बाजूला कलम ५७ आहे. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी “हे माझं काम आहे” असं सांगण्याचा हक्क करणाऱ्याकडे राहतो. कामाची मोडतोड करून त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावला तर दादही मागता येते. अमरनाथ सहगल या शिल्पकारांचं उदाहरण आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून ठेवलं गेलं आणि त्याची हेळसांड झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

पण एक फरक ध्यानात ठेवा. नाव सांगायचा हक्क वेगळा आणि चित्राची प्रत वेबसाइटवर लावायचा हक्क वेगळा. मालकी दुसऱ्याची असेल तर दुसऱ्या गोष्टीसाठी परवानगी हवी. उपाय सोपा आहे. काम घेताना ईमेलमध्ये एक ओळ टाका: “पुस्तक प्रकाशित झाल्यानंतर हे मुखपृष्ठ आणि त्याची रेखाटनं मला माझ्या वेबसाइटवर माझ्या नावाने दाखवता येतील.” सुरुवातीला मागितलं की याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. जुन्या कामांसाठीही असा ईमेल आज पाठवता येतो. गोपनीयतेचा करार असेल तर तो पाळा. कामाचं वर्णन नाव न घेता लिहा आणि चित्र लावू नका.

देवनागरीच्या तीन गोष्टी

आता थोडं तांत्रिक, पण मराठीत काम करणाऱ्यांच्या खास उपयोगाचं.

पहिली गोष्ट: चित्रातली अक्षरं म्हणजे मजकूर नव्हे. मुखपृष्ठावर शीर्षक कितीही मोठं असलं तरी शोधयंत्राने ते वाचावं अशी भिस्त ठेवू नका. खाली युनिकोडमध्ये टाइप करा: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, तुमचं काम. जुना मजकूर श्रीलिपीसारख्या प्रणालीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो थेट चिकटवू नका, वेबवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग डोळ्यांनी तपासा. रफार आणि जोडाक्षरं घसरलेली असतात. स्वतःचं नाव देवनागरी आणि रोमन दोन्हीत लिहा. रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

दुसरी गोष्ट: पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा. त्यासाठी ‘एमआर’ हा दोन अक्षरी संकेत आहे. मराठीतल्या ‘ल’ आणि ‘श’ची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि भाषा मराठी आहे असं कळलं की मराठी वळण आपोआप येतं. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्यामुळे योग्य भाषेत वाचता येतं. अक्षरांवर पोट असणाऱ्याच्या वेबसाइटवर परका ‘ल’ बरा दिसत नाही.

तिसरी गोष्ट: प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्या. दृष्टिहीन वाचकाला आणि चित्र न उघडलेल्या मोबाइलवर तोच कळतो. “मुखपृष्ठ १” असं लिहू नका. “विहिरीच्या काठचा दगड, त्यावर दोराच्या खोल खाचा, एक गेरू रंगाचा दोर” असं लिहा.

फाइल आणि पत्ता

छपाईची फाइल वेबवर तशीच टाकू नका. छपाईला सीएमवायके लागतं, स्क्रीनला आरजीबी. एसआरजीबी या रंगपद्धतीत बदलून घेतलं नाही तर काही ठिकाणी रंग भलतेच दिसतात. चित्राची लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवली तर मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीवर स्वच्छ दिसतं. चोरीची भीती वाटते त्यांच्यासाठी हिशेब सांगतो: साडेआठ इंच उंचीचं डेमी मुखपृष्ठ ३०० डीपीआयने छापायला २५५० पिक्सेल लागतात. १६०० मध्ये चांगली छपाई होत नाही. म्हणून चित्राच्या मधोमध भलामोठा वॉटरमार्क मारून स्वतःचंच काम खराब करू नका.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या किंवा भाच्याच्या नावावर नको. पत्ता मालमत्तेसारखा आहे, सातबारा आपल्या नावावर हवा. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं. हौसेने जरूर घ्या, पण सोबत रोमन पत्ताही ठेवा, कारण काही फॉर्म आणि ईमेल सेवा देवनागरी पत्ता अजून धड स्वीकारत नाहीत. वेबसाइट ठेवायला गिटहब पेजेससारखी मोफत सोय आहे आणि तिला आपलं डोमेन जोडता येतं.

एकदा दिलेला पानाचा पत्ता बदलू नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच हा मुद्दा एका टिपणात मांडला होता. तुमच्या कामाचा दुवा कुणीतरी लेखात दिलेला असतो, पत्ता बदलला की ती वाट तुटते. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आपलं पान जतन करण्याची सोय आहे, ती वर्षातून एकदा वापरा. मूळ फाइली मात्र घरी दोन ठिकाणी ठेवा.

आलेले काही प्रश्न

*“आमचं एकही काम छापून आलेलं नाही. मग काय ठेवायचं?”* स्वतःहून केलेलं ठेवा, आणि तसं स्पष्ट लिहा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी साहित्यावरचा कॉपीराइट संपतो. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये. त्यांच्या पुस्तकांना आजची मुखपृष्ठं करा. खाली “सराव म्हणून केलेलं, अप्रकाशित” अशी ओळ टाका. कुणा प्रकाशकाची मुद्रा त्यावर लावू नका. बंधनंही स्वतःच घाला: दोन रंग, आठ दिवस. मग चार ओळी लिहायला विषय मिळतो.

*“यंत्राने केलेली चित्रं वापरली असतील तर सांगावं का?”* सांगावं. किती आणि कुठे, तेही सांगावं. समोरचा विचारतोच, आणि विचारल्यावर सांगण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं.

*“किती वेळा बदलायचं?”* वर्षातून दोनदा पुरे. दिवाळी झाली की अंकांची धावपळ संपते, तेव्हा नवीन काम चढवा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव आषाढ-श्रावणात सुरू होते, त्याआधी एकदा सगळे दुवे आणि संपर्काचा ईमेल चालतोय ना ते तपासा. नवीन एक काम आलं की जुनं एक काढा.

*“माझ्याविषयी या पानावर काय लिहू?”* कुठे राहता, काय करता, कोणत्या प्रकारचं काम घेता, सध्या काम घेत आहात का, आणि ईमेल. बालपणी भिंतीवर रेघोट्या मारायचो, हे लिहिलं नाही तरी चालेल.

शेवटी एक काम देतो. वेबसाइट नंतर होईल. आज रात्री आपलं एक पुस्तक कपाटातून काढा आणि कागदावर चार गोष्टी लिहा: काय मागितलं होतं, बंधन काय होतं, मी काय ठरवलं आणि का, आणि यातलं माझं किती. लिहिताना अडखळलात तर त्या पुस्तकावर तुमच्यासोबत काम केलेल्या माणसाला फोन करा. त्याला आठवत असेल. अशी दहा पानं झाली की पोर्टफोलिओचं अवघड काम संपलं, उरलेलं एखाद्या शनिवार-रविवारात होतं.